साडेतीन शेराची गाठ

कप खाली ठेवा आधी. मागं एकदा हा किस्सा सांगताना आमच्या विमलच्या नाकात चहा गेला होता, तेव्हापासून मी सगळ्यांना कप खाली ठेवायला सांगते.

आयुष्यात माणसानं खोटं बोलू नये असं मी म्हणणार नाही. मास्तरीण असले तरी एवढी शहाणी नाही मी! पण बोलायचंच तर आपल्याला पेलेल एवढं बोलावं. मी बोलले ते साडेतीन शेरांचं होतं. ते डोक्यावर घेऊन एक सज्जन माणूस अर्धा जिल्हा पालथा घालून आला, आणि मला तोंड लपवायला परंड्याच्या किल्ल्याचा खंदकसुद्धा पुरेना.

तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी परंड्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या भावकीत पगार आणणारी पहिली सून मीच! आमच्या ह्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक पंप, एक घमेलंभर पाणी आणि उधारीवर पंक्चर काढून नेणारं गाव. महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पैसा तेवढा माझा. त्यामुळं मला जरा शिंगं फुटली होती, ते कबूल करते.

अडचण एकच. शाळेचे हेडमास्तर माझे चुलतसासरे होते. मामंजींपुढं पदर ढळू द्यायचा नाही, मान वर करायची नाही, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. मग शाळा चालवायची कशी? मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघून बोलायची. ‘चौथीच्या वर्गाला खडू नाहीत’ हे मी दोन वर्षं आशिया खंडाला सांगत होते. मामंजीही भले, ते उत्तर आशियालाच द्यायचे.

आणि मग मला दिवस गेले.

आता हे आशियाला कसं सांगायचं?

रजा तर पाहिजे. अर्ज लिहायला बसले. ‘प्रसूती’ हा शब्द मला येत नव्हता असं समजू नका. ट्रेनिंगला आरोग्याच्या पेपरात मी त्यावर पानभर लिहिलं होतं आणि मार्कही चांगले पडले होते. पण पेपर तपासणारा माझा सासरा नव्हता ना! सात कागद फाडले. आठव्यावर लिहिलं, ‘पोटाच्या विकारामुळे तीन महिन्यांची रजा मिळावी ही विनंती.’

मामंजी लाजाळूपणात माझ्याहून वरताण निघाले. त्यांनी खाली सुवाच्य अक्षरात शेरा मारला, ‘अर्जदाराच्या पोटाचा विकार मी समक्ष पाहिला आहे. तो दिवसेंदिवस वाढत आहे. रजा मंजूर व्हावी.’

झाली मंजूर! सून आणि सासरा, दोघांचीही अब्रू वाचली. आम्ही दोघंही खूश होतो.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी माकणीला गेले. तिथं आमच्या गल्लीत चंद्राक्का नावाची सुईण होती, वय ऐंशी, हात मात्र अजून पक्का. सकाळी पोटात दुखायला लागलं आणि दुपारच्या भाकरीच्या आत मुलगी झाली. माझ्या थोरल्या भावानं कौतुकानं तिला वाण्याच्या तराजूत घालून आणलं. भरली साडेतीन शेर!

तीन महिन्यांनी लेकीला घेऊन परत आले आणि शाळेत जायची तयारी करू लागले. तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दारातच अडवलं.

“तू शाळंत जाणार, मग पोरीला दुपारी काय पाजू? माझं कपाळ?”

“रतिबाचं दूध घेऊ की.”

“रतिबाचं? त्यो गवळी बारवंवर आंघुळ करतो का दूध भरतो, हेच मला अजून उमगलं न्हाय. माझ्या नातीला पानी पाजणार न्हाय म्या. घरात दुभतं जनावर बांध, मग खुशाल जा, म्या सांबाळते पोरीला. न्हायतर सोड ती नोकरी आन् बस घरी.”

मला काय, शिंगं फुटलेलीच होती. म्हटलं, “बांधते! माझ्या पगारावर म्हैस आणून दाखवते!”

बोलले खरी. म्हैसही बघून ठेवली. सोनारीच्या बापू गवळ्याकडं होती, खांद्यापर्यंत गेलेली शिंगं, नुकती व्यालेली, पायाशी पारडू. बापू म्हणाला, “बाई, येत्या बाजारापातुर तुमच्यासाठी थांबतो. फुडं बार्शीचा व्यापारी यायचा हाय.” म्हणजे माझ्या हातात आठ दिवस होते. म्हैस आली तर नोकरी राहणार, नाही तर चूल आणि मी.

गावात एक पतपेढी होती. पगारदारांना कर्ज द्यायची, जनावरांसाठीही द्यायची. मी तर पगारदार, आणि मला पाहिजे जनावर. माझ्याइतकं योग्य गिऱ्हाईक त्यांना शोधून सापडलं नसतं! शाळेतून नोकरीचा दाखला घेतला, अर्जाला जोडला आणि तोऱ्यात जाऊन दिला.

पतपेढीचे सेक्रेटरी काझीसाहेब. दोनच महिन्यांपूर्वी भूमहून बदलून आलेले, त्यामुळं गावात कोणाकडं काय झालंय याची त्यांना कल्पना नव्हती. निजामाच्या राज्यात ते तहसिलीत पेशकार होते. पांढरी दाढी, काळी शेरवानी, आणि अदब अशी की परक्या बाईकडं नजर वर करून बघायचं नाही. बाईशी बोलायचं ते टेबलावरच्या दौतीकडं बघून. मला वाटलं, वा! मी नकाशाशी बोलणारी, हे दौतीशी बोलणारे, आमचं छान जमणार.

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं.

“बसा बाई,” काझीसाहेब दौतीला म्हणाले. “मोठ्या अफसोसनं सांगावं लागतंय. आपली दरखास्त नामंजूर करावी लागणार.”

“का हो? पगार आहे की मला!”

“पगार आहे. तबियतीचं काय? शाळेच्या दाखल्यात साफ लिहिलंय, पोटाचा विकार, तीन महिने रजा. सोबत हेडमास्तरसाहेबांचा शेरा जोडलाय, विकार दिवसेंदिवस वाढत आहे.” त्यांचा आवाज खरोखर जड झाला. “अल्ला आपल्याला शंभर वर्षांची उमर देवो. पण पतपेढीला हप्ते अडीच वर्षांत लागतात.”

म्हणजे पतपेढीनं माझी तिरडी बांधायला घेतली होती!

आता तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं, अहो साहेब, मी बाळंत झाले होते! चार शब्दांचं काम. पण शेजारच्या बाकावर दोन शेतकरी बसलेले, दारात शिपाई, समोर दाढीवाले काझीसाहेब. चार पुरुषांत हे बोलायचं? त्यापेक्षा मी किल्ल्याच्या बुरुजावरून उडी मारली असती. तुम्ही आत्ताच्या बाया, तुम्हाला ते कळायचं नाही.

मी म्हटलं, “आता एकदम बरी आहे मी. ती... गाठ होती. निघाली.”

“गाठ?” काझीसाहेबांच्या हातातलं दौतीचं झाकण खाली पडलं. “मोठी होती?”

इथं गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? पण लेकराचं वजन विचारलं आणि आई गप्प बसली, असं कधी झालंय का?

“साडेतीन शेर,” मी म्हटलं. आणि खरं सांगू? जरा अभिमानानंच म्हटलं.

“या अल्ला!”

बाकावरचा एक शेतकरी उठून उभाच राहिला. “साडेतीन शेर! आमच्या रानात एवढा भोपळा धरत न्हाय हो!”

“कुठं काढली? सोलापूरला? मिरजेला?” काझीसाहेब विचारायला लागले.

“माहेरी. माकणीला.”

“माकणीला एवढा मोठा दवाखाना झाला?”

“दवाखाना नाही. घरीच काढली.”

“घरी! कोणी?”

“एका म्हातारीनं.”

आता मी घामाघूम झाले होते. पण प्रश्न येत गेले आणि उत्तरं आपोआप तोंडातून पडत गेली. गंमत म्हणजे एकही उत्तर खोटं नव्हतं!

“किती वेळ लागला?”

“सकाळी दुखायला लागलं, दुपारी मी भाकरी खाल्ली.”

“चाकू-बिकू?”

“शेवटी एक पातं लागलं. तेही जरासंच.”

“सुभानअल्ला! आणि ती गाठ? पुरून टाकली?”

“अहो, पुरायची कशाला?” माझ्या अंगावर काटाच आला. “घरी आणलीय. आमच्या आत्याबाई सांभाळतात तिला.”

काझीसाहेबांनी खाली पडलेलं झाकण उचलून दौतीला पुन्हा लावलं. हिंदूंच्या घरात काय काय सांभाळून ठेवतात याचा त्यांना अंदाज होता, पण हे त्यांच्या ऐकण्यात नसावं.

मग त्यांनी शिपायाला पाणी आणायला पिटाळलं आणि आवाज एकदम खाली आणला. “बाई, त्या म्हातारीचं नाव काय? राहते कुठं? असं आहे... मलाही दहा वर्षांपासून पोटात गोळा उठतो. सोलापूरचे डॉक्टर झाले, हकीम झाले. काही उपयोग नाही.”

नाव तरी चुकीचं सांगावं! पण मास्तरणीला चुकीचं उत्तर देता येत नाही हो, सवयच नसते. म्हटलं, “चंद्राक्का. मारुतीच्या देवळामागं.”

“आपली बात खरी निघाली तर मी स्वतः शिफारस लिहीन. बाजाराच्या आदल्या दिवशी कमिटी आहे. तोवर जातीनं तपास करून येतो.”

आणि त्याच दिवशी दुपारची गाडी धरायला ते स्टँडकडं निघालेसुद्धा.

मी धावत दुकानात गेले. हे सायकलच्या चाकात तोंड घालून बसले होते. सगळं सांगितलं, तर पंपावर डोकं ठेवून हसायलाच लागले.

“हसता काय? स्टँडवर जा आणि त्यांना खरं सांगा!”

हसू थांबलं. “मी सांगू? परक्या माणसाला? माझी बायको बाळंत झाली म्हणून?”

“त्यात काय? नवराच आहात ना!”

“तूच सांगायचं होतंस की.”

“मी बाईमाणूस!”

“मग मी काय गावातनं दवंडी देऊ?” असं म्हणून ते पुन्हा चाकात गेले. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि काझीसाहेब बार्शीच्या वाटेला लागले.

पुढचे चार दिवस मी जेवले नाही. त्यात भर म्हणून तिसऱ्या दिवशी शाळेच्या दारात बैलगाडी उभी! पतपेढीत बाकावर बसलेला तो शेतकरी. गाडीत त्याचे सासरे, आणि सासऱ्यांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ.

“बाई, तुमच्यापुढं ही काय, चिल्लर हाय,” तो म्हणाला. “पर म्हातारीला म्हनावं, जाता जाता एवढीबी काढ. आन् तुमची ती घरी ठेवल्याली एकडाव दावता का? सासऱ्याला धीर यील.”

मी मुलींना कविता पाठ करायला लावली आणि मागच्या दारानं घरी पळाले.

तिकडं माकणीत काय घडलं ते मला नंतर माझ्या थोरल्या भावानं सांगितलं. तो तिथं हजर होता. परंडा ते बार्शी, बार्शी ते धाराशिव, तिथून लोहारा आणि पुढं बैलगाडी, एवढं करून काझीसाहेब तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्राक्काच्या ओसरीवर पोचले. शेरवानी झटकली, मिठाईचा पुडा पुढं ठेवला.

“अक्का, लई दुरून आलोय. मोठं नाव ऐकलंय आपलं.”

चंद्राक्काला वाटलं, सुनेसाठी किंवा लेकीसाठी बोलावणं आलंय. म्हणाली, “चला की. गाडी आणलीय का? बाई कुठं हाय?”

“बाई नाही. मीच.”

“तुमी?”

“हो. पोटात गोळा आहे.”

अक्कानं त्यांना दाढीपासून जोड्यापर्यंत बघून घेतलं. “किती दिस झालं?”

“दहा वर्षं.”

“दा वर्सं!” अक्का भिंतीला टेकली. “म्या नऊ म्हैन्याचं ऐकलं हुतं. कळा येत्यात?”

“येतात. जेवणानंतर जास्त.”

“आन् ह्ये कुनी सांगितलं तुमाला, म्या काढते म्हनून?”

“परंड्याच्या शिंदेबाईंनी. त्यांची साडेतीन शेराची गाठ आपणच काढलीत ना?”

आणि मग चंद्राक्का जी हसायला लागली! दात तर एकही नव्हता तिला, तेव्हा हसू अडायचा प्रश्नच नव्हता. हसणं ऐकून आळीतल्या बाया गोळा झाल्या. त्यात माझी आई. माझा भाऊ. आई तर सगळं कळल्यावर पदराचा बोळा तोंडात कोंबून घरात पळाली.

काझीसाहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. दोन तांबे प्यायले. मग अत्यंत अदबीनं विचारलं, “लेकराची तबियत बरी होती ना?”

असा माणूस! तुम्ही-आम्ही असतो तर तांब्या फेकून मारला असता.

चंद्राक्कालाही त्यांची दया आली. म्हणाली, “आता एवढं आलायसा तर झोपा हितं.” त्यांचं पोट दाबून पाहिलं, ओवा, हिंग आणि आणखी कसलीशी पूड गरम पाण्यातून दिली. थोड्या वेळानं काझीसाहेबांनी दोन ढेकर दिले. ते शेजारच्या आळीत ऐकू गेले असं माझा भाऊ शपथेवर सांगतो. दहा वर्षांचा गोळा गेला!

कमिटीच्या दिवशी मी पतपेढीत शिरले. काझीसाहेब आपल्या जागेवर. शेजारी चेअरमन नानासाहेब, मोठा फेटा, मोठ्या मिशा. काझीसाहेबांनी पिशवीतून एक लहानसं बोचकं काढलं आणि दौतीशेजारी ठेवलं. उघडलं. आत कुंची, झबलं आणि काळे मणी.

“आपल्या आईसाहेबांनी दिलंय,” ते दौतीला म्हणाले. “आपल्या गाठीसाठी.”

मी घाईघाईनं बोचकं पदराखाली घेतलं.

“दात आले का गाठीला?”

काय सांगू! त्या वेळी धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते आणि वरून माती ओढून घेतली असती. कसंबसं म्हटलं, “चुकले मी साहेब. माफ करा.”

“माफी कसली? आपल्या झूटमुळं माझी तबियत दुरुस्त झाली. कायदा मात्र नाही झाला.” त्यांनी कागद चेअरमनांकडं सरकवले.

अर्जाची दोन पानं होती, एक म्हशीचं आणि एक माझं. नानासाहेबांनी आधी म्हशीचं वाचलं.

“तिसरं वेत. नुकतीच व्यालेली. पारडू जितं हाय. वा! लई चांगलं. व्यालेलं जनावर म्हंजी रोकडा माल.” मग पान उलटलं. “बाई. पयलंच बाळतपन. नुकतंच.” मिशा खाली आल्या. “हे मातर अवघड हाय.”

तिथं नकाशा नव्हता, म्हणून मी भिंतीवरच्या पालीकडं बघून विचारलं, “म्हशीचं चांगलं आणि माझं अवघड, असं कसं?”

“बाई, म्हैस व्याली की दूद वाढतंय. तुमी बाळत झाला की रजा वाढती. आजार असता तरी इचार केला असता. आजार एकदा बरा झाला की मिटलं. ह्ये दर दोन वर्सांनी उलटनार!”

“पण रजेचा पगार मिळतो मला!”

“आवंदा मिळाला. उद्या सासरच्यांनी नोकरी सोडायला लावली, मग? पोर झाल्यावर बाया नोकरीत ऱ्हात न्हाईत.”

“म्हैस नाही आली तरच सोडावी लागेल हो!”

“बगा! सोडनार म्हनून सोताच सांगाय लागल्या!”

आता करा उकल! मी नोकरी सोडीन म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून मी नोकरी सोडणार. मी रडकुंडीला आले. नोकरी गेली, म्हैस गेली, आणि ‘पगारावर आणून दाखवते’ म्हणाले होते ते आता जन्मभर ऐकायचं.

तेवढ्यात बाहेर टाहो ऐकू आला. आत्याबाई! पोरगी भुकेनं कासावीस झाली म्हणून तिला घेऊन थेट पतपेढीत! चार पुरुष बसलेत, चेअरमन बसलेत, त्यांना कसलं काय!

“ही घे तुझी लेक,” त्यांनी पोरगी माझ्या मांडीवर आदळली. “आन् म्हशीचं काय झालं?”

“देत नाहीत,” मी हुंदका गिळत म्हटलं. “मी बाळंत झाले म्हणून.”

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि नानासाहेबांकडं वळल्या. “बाळत झाली म्हनून? माझी अकरा झाली!”

“अकरा?” नानासाहेब चपापले. “आन् रजा किती घेतली?”

“रजा? बाराव्या दिशी खुरपं हातात, पोर बांदावर. कुनाच्या बापाकडं रजा मागायला गेले व्हते म्या?”

नानासाहेबांच्या मिशा हळूहळू वर चढल्या. ते काझीसाहेबांकडं बघायला लागले. काझीसाहेब दौतीकडं. मग दोघांच्या डोक्यात एकदमच काहीतरी आलं.

“आजी,” नानासाहेबांनी विचारलं, “आता वय काय तुमचं?”

“साठ असंल.”

“म्हंजी फुडं काय... बाळतपनाची भीती न्हाय?”

“मुडद्या, मी आजी हाय!”

“लिवा काझीसाहेब!” नानासाहेबांनी टेबलावर थाप मारली. “कर्जदार, आजी!”

मी म्हटलं, “अहो, पण त्यांना पगार कुठं आहे?”

“पगार तुमाला हाय की. तुमी जामीन. हप्ता तुमच्या पगारातनं.”

म्हणजे काय झालं लक्षात आलं का? कर्जदार म्हणून माझी पत शून्य, जामीन म्हणून एकदम पक्की! लिहिता-वाचता येणारी, ट्रेनिंग झालेली, महिन्याला पगार घेणारी मी तिथं चालले नाही. सही न येणाऱ्या, पगार नसलेल्या आत्याबाई चालल्या, कारण त्यांची अकरा होऊन गेली होती. मी काझीसाहेबांकडं पाहिलं. ते दौतीला हळूच म्हणाले, “कायद्यात बसतं.”

आत्याबाईंनी ऐटीत अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी बाजारात बापूकडून म्हैस घेतली आणि हळदी-कुंकू लावून त्यांनी स्वतःच्या हातानं दारात बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “माझी हाय. माझ्या नावावर.”

मला वाटलं, असू दे. नावात काय आहे? दूध आलं, नोकरी राहिली.

पण नोकरी राहिली म्हणजे कशी राहिली ते ऐका. आधी मी सकाळी निघाले की आत्याबाईंचं तोंड फुगायचं. आता पहाटेच हलवून उठवायच्या. “ऊठ! शाळा हाय. माझ्या म्हशीचा हप्ता कोन भरनार?” एकदा ताप आला तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, “एवढा काय न्हाय. चालत जा, घाम येऊन उतरंल.” दिवाळीची सुट्टी लागली तर मामंजींना निरोप, की एवढी लांब सुट्टी देऊन शाळा बुडवता काय!

दुसरी मुलगी पोटात होती तेव्हा मला खरंच झेपेना. पायाला सूज, वर्गात सत्तर पोरी. शेवटी मीच ठरवलं, बास झालं, सोडून द्यावी. राजीनामा लिहिला आणि आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, माझ्या हातातून घेतला आणि चुलीत घातला. त्याच चुलीवर दूध तापवलं आणि पेला भरून माझ्या पुढ्यात ठेवला.

“पी. आन् शाळंत जा.”

प्यायले आणि गेले. करते काय? म्हैस त्यांची, दूध त्यांचं, आणि नोकरीसुद्धा त्यांचीच झाली होती. मी आपली रोज जाऊन हजेरी लावत होते.